स्ट्रेट पूल आणि पांढऱ्याची फिरकी: नागपूरच्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी टेबलापाशी आणि रात्री फोनवर मला तेच ते प्रश्न येत राहतात. बहुतेक जण एट-बॉल किंवा स्नूकर खेळून आलेले असतात आणि स्ट्रेट पूलमध्ये दहा-बारा पॉइंटांवर अडकलेले असतात. त्या सगळ्यांसाठी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ‘पांढरा’ म्हणजे क्यू बॉल. ‘टॉप’, ‘स्क्रू’, ‘साइड’ हे शब्द आपल्या पार्लरांत चालतात तसेच ठेवले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, शेवटचे नियमांतल्या अडचणींचे.

१. स्ट्रेट पूल म्हणजे नेमकं काय? एट-बॉलपेक्षा वेगळं काय आहे त्यात?

पंधरा बॉल, कुठलाही बॉल, कुठलंही पॉकेट. फक्त मारण्याआधी कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये ते सांगायचं. प्रत्येक बॉलला एक पॉइंट. सामना १००, १२५ किंवा १५० पॉइंटांचा असतो. चौदा बॉल पडले की पंधरावा टेबलावर आहे तिथेच राहतो, पांढराही आहे तिथेच राहतो आणि बाकीचे चौदा पुन्हा रॅकमध्ये, म्हणजे त्रिकोणी मांडणीत, लागतात. रॅकचं टोक मात्र रिकामं ठेवतात. मग तो पंधरावा बॉल पॉट करता करता, म्हणजे पॉकेटमध्ये टाकता टाकता, पांढऱ्याने रॅक फोडायची आणि खेळ पुढे चालू ठेवायचा. म्हणून या खेळाला १४.१ असंही म्हणतात. ही पद्धत १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या जेरोम कियो या खेळाडूने सुचवली.

एट-बॉलमध्ये सात बॉल आणि आठ नंबर झाला की डाव संपतो. इथे तुम्ही चुकेपर्यंत डाव तुमचाच असतो. फिरकीचा विचार बदलतो तो यामुळेच.

२. कुठलाही बॉल मारायची मुभा आहे, मग फिरकी कशाला शिकायची?

मुभा आहे म्हणूनच. पंधरा बॉल टेबलाच्या अर्ध्या भागात गर्दी करून असतात. दोन बॉलमधून वाट काढून पांढरा एका वितीच्या जागेत थांबवायचा असतो. तिथे चार इंच जास्त गेलं तरी पुढचा बॉल झाकला जातो.

माझं ठाम मत आहे की स्ट्रेट पूलमध्ये फिरकी पांढऱ्याला पळवण्यासाठी नसते, थांबवण्यासाठी असते. पार्लरमध्ये टाळ्या पडतात त्या टेबलभर फिरून आलेल्या पांढऱ्याला. पण मोठ्या रन (न चुकता सलग टाकलेले बॉल) करणाऱ्या खेळाडूंचे व्हिडिओ बारकाईने पाहा. पांढरा पुन्हा पुन्हा एक-दोन फूटच सरकतो. त्यांचे शॉट पाहायला साधे वाटतात, कारण अवघड काम त्यांनी आधीच्या शॉटमध्ये उरकलेलं असतं.

३. टॉप, स्टन आणि स्क्रू यांत फरक काय, आणि टिप, म्हणजे क्यूचं टोक, नेमकी कुठे लावायची?

पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा असतो, म्हणजे त्याचं केंद्र टेबलापासून सुमारे २८.५ मिमी उंचीवर. केंद्रावर मारलं की बॉल आधी न फिरता घसरतो आणि कापडाच्या घर्षणाने हळूहळू लोळायला लागतो. टेबलापासून सुमारे ४० मिमी उंचीवर, म्हणजे केंद्राच्या सव्वा सेंटिमीटरच्या आत वर मारलं, तर तो पहिल्या क्षणापासून लोळतो. हा टॉप. केंद्राखाली मारलं की उलटी फिरकी मिळते. हा स्क्रू. बॉलला लागण्याच्या क्षणी पुढची किंवा मागची कुठलीच फिरकी नसेल तर तो स्टन. सरळ शॉटमध्ये स्टन झाला की पांढरा जागीच उभा राहतो.

केंद्रापासून कुठल्याही दिशेला सुमारे १४ मिमी, म्हणजे त्रिज्येच्या अर्ध्यापर्यंत जाता येतं. त्यापलीकडे टिप घसरते. रोजच्या खेळात त्याच्या निम्म्यापलीकडे जायची वेळ क्वचितच येते.

४. पॉट झाल्यावर पांढरा कुठे जाईल हे आधी कसं ओळखायचं?

दोन कोन पाठ करा. स्टन असेल तर बॉल ज्या रेषेत पॉकेटकडे जातो त्या रेषेला पांढरा ९० अंशांत निघतो. पांढरा लोळत येऊन लागला, तर तो स्वतःच्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंश वळतो. हे दुसरं गणित पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंतच्या कटला, म्हणजे पांढरा समोरच्या बॉलचा पाव ते पाऊण भाग झाकत तिरका लागतो तेव्हा, बरंच चालतं, अगदी पातळ किंवा अगदी जाड कटला चालत नाही. तर्जनी आणि मधलं बोट आरामात फाकवून ‘व्ही’ केला की जवळपास ३० अंशांचा कोन मिळतो. टेबलावर हात धरून पाहायला लाजू नका, चांगले खेळाडूही पाहतात.

या दोन रेषांच्या मधली प्रत्येक दिशा टिपची उंची थोडी बदलून मिळते. स्क्रू लावला तर ९० अंशांच्या मागे. साइडची, म्हणजे केंद्राच्या डावीकडे किंवा उजवीकडे मारायची, गरज अजून पडलेलीच नाही, हे लक्षात आलं ना?

५. भाऊ, कितीही खाली मारलं तरी पांढरा मागे येऊनच नाही राहिला. काय चुकून राहिलं?

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, तुम्हाला वाटतं तितकं खाली लागतच नाही. क्यू पुढे जाताना कोपर खाली येतं किंवा भीतीने टिप वर उचलली जाते. पट्ट्याचा बॉल घ्या, पट्टा आडवा ठेवून त्याला पांढरा समजून मारा आणि टिपच्या चॉकचा ठिपका कुठे उमटला ते पाहा. पट्ट्याच्या खालच्या कडेच्या आसपास ठिपका हवा. बहुतेकांचा पट्ट्याच्या मधोमध निघतो.

दुसरं, अंतर. उलटी फिरकी कापडावर सतत झिजत असते. दोन फुटांवर जो स्क्रू आहे तोच पाच फुटांवर स्टन होतो आणि सात फुटांवर टॉप. लांबच्या बॉलला स्क्रू हवा असेल तर जास्त खाली किंवा जास्त वेगाने मारावं लागतं. जवळच्या बॉलला उलट, हलका हात पुरतो.

तिसरं, मागची मूठ घट्ट आवळली जाते आणि क्यू मध्येच थांबतो. मूठ सैल ठेवा, क्यू शक्य तितका आडवा ठेवा आणि टिप पांढऱ्याच्या जागेतून चार-पाच इंच पुढे जाऊ द्या. जोर वाढवायची गरज नाही. चॉक प्रत्येक शॉटआधी लावा, टिप घासून नव्हे तर पूर्ण झाकून.

६. मग साइड कधी वापरायची?

पांढरा कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागणार असेल तेव्हा. साइडचा मुख्य परिणाम कुशनवर दिसतो. पांढरा ज्या बाजूला निघणार त्याच बाजूची साइड दिली, म्हणजे रनिंग साइड, तर कोन रुंदावतो आणि वेग टिकतो. विरुद्ध दिली तर कोन आखडतो आणि पांढरा मंदावतो. पांढरा कुशनला लागणारच नसेल आणि तरीही तुम्ही साइड लावत असाल, तर प्रश्न ७ मधली सगळी जोखीम फुकट अंगावर घेत आहात. याला एक अपवाद आहे, तो प्रश्न ८ मध्ये.

७. साइड लावली की सोपा पॉटसुद्धा हुकतो. असं का?

एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. डावी साइड मारली तर पांढरा टिपवरून निघतानाच किंचित उजवीकडे सरकतो. मग जाता जाता फिरकीमुळे थोडा डावीकडे वळत परत येतो. क्यूचं मागचं टोक जितकं उचललेलं, तितकं हे वळण जास्त. आणि शेवटी बॉलला लागताना फिरणारा पांढरा त्याला ओढतो. डाव्या साइडने समोरचा बॉल उजवीकडे ओढला जातो.

हे तिन्ही वेग, अंतर, क्यू आणि कापड यांप्रमाणे बदलतात, त्यामुळे एकच सूत्र देता येत नाही. स्ट्रेट पूलमध्ये दुसऱ्या बॉलवरून हात उंच करून मारायची वेळ वारंवार येते. तेव्हा क्यू तिरपा असतो आणि वळण सगळ्यात जास्त असतं. अशा शॉटला मी साइड जवळजवळ कधीच लावू देत नाही. पर्याय नसेल तर अर्धी टिप, त्याहून जास्त नाही.

८. साइड न लावताही हळू मारलेला कट जाड जातो. नेम तर बरोबर होता.

नेम बरोबरच होता. कट करताना दोन बॉल एकमेकांवर घासतात आणि पांढरा ज्या दिशेने चाललेला असतो त्या दिशेने समोरचा बॉल थोडा ओढला जातो. ही ओढ हळू शॉटला जास्त, जोराच्या शॉटला कमी. स्टनला जास्त, टॉप किंवा स्क्रूला कमी. अर्ध्या बॉलचा हळू स्टन शॉट यात सगळ्यात फसवा. तिथे पाच-सहा अंशांची ओढ पडू शकते आणि तेवढ्यात पॉकेट हुकतं. स्ट्रेट पूलमध्ये नेमका हाच शॉट दर रॅकला तीन-चार वेळा येतो.

उपाय दोन. थोडा पातळ नेम धरा. किंवा कटच्या बाहेरच्या बाजूची साइड द्या. बॉल उजवीकडे कापायचा असेल तर डावी. अर्ध्या बॉलच्या कटला जास्तीत जास्त साइडच्या निम्म्याहून थोडी कमी दिली, की दोन्ही बॉल दातेरी चाकांसारखे एकमेकांवर न घासता फिरतात आणि ओढ जवळपास नाहीशी होते. आतली साइड दिली तर मात्र घासणं वाढतं.

बॉल मळलेले असतील तर ही ओढ आणखी वाढते. खेळायला बसण्याआधी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने बॉल पुसा. दोन मिनिटांचं काम आहे, पार्लरवाल्याला सांगत बसू नका, स्वतः करा.

९. मी कितीतरी वर्षं स्नूकर खेळतो. माझी सवय इथे चालेल का?

तुमचा सरळ क्यू आणि स्थिर डोकं इथे सोन्यासारखं आहे. आणि आपल्याकडच्या माणसाला स्नूकरचा अभिमान असणं साहजिकच आहे. १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो खेळ जबलपूरच्या मेसमध्ये बसवला असं मानतात. ते जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी आपलं नागपूर.

बदलायच्या गोष्टी अशा. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा आणि हलका, पूलचा मोठा आणि जड. स्नूकर क्यूची ९-१० मिमीची टिप पूलच्या जड बॉलवर लवकर झिजते, म्हणून १२-१३ मिमी टिपचा पूल क्यू घ्या. पॉकेट मोठं आहे म्हणून नेम सैल सोडू नका. ती मोकळीक पॉकेटच्या कुठल्या भागातून बॉल टाकायचा हे ठरवून पांढऱ्याचा कोन बदलायला वापरा. आणि शब्दांचा गोंधळ टाळा. स्नूकरमध्ये ‘ब्रेक’ म्हणजे एका डावातले पॉइंट, इथे त्याला रन म्हणतात. इथला ब्रेक म्हणजे रॅक फोडणं.

१०. ब्रेक बॉल कसा निवडायचा आणि त्या शॉटला कुठली फिरकी लावायची?

या खेळाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रेक बॉल, म्हणजे रॅक फोडायला राखलेला पंधरावा बॉल, शेवटी शोधायचा नसतो. रॅक फुटून बॉल पसरले की पहिल्या दोन-तीन शॉटमध्येच एक बॉल मनात राखून ठेवायचा. रॅकच्या बाजूला, रॅकच्या रेषेपासून एखाद-दोन बॉलच्या अंतरावर असलेला आणि खालच्या कोपऱ्यात सहज जाणारा. त्याच्याआधीचा, म्हणजे चौदावा बॉल असा हवा की तो मारल्यावर पांढरा जवळजवळ न हलता ब्रेक बॉलच्या कोनात उभा राहील. त्याला की बॉल म्हणतात. मी खेळणाऱ्यांना शेवटचे पाच बॉल उरले की थांबायला लावतो. पाचही क्रमाने तोंडाने सांगायचे, मगच खाली वाकायचं.

रॅकच्या बाह्यरेषेची खूण कापडावर पेन्सिलने हलकी करून ठेवलेली असते, ती वापरा. ब्रेक बॉलपासून ९० अंशांची रेषा मनात काढा. ती रॅकमधल्या कुठल्या बॉलला, आणि त्याच्या कुठल्या अंगाला लागते, हे पाहा. तुमच्याकडच्या, म्हणजे वरच्या अंगाला लागत असेल तर केंद्राखाली मारा. पांढरा रॅकवरून उसळून टेबलाच्या मध्याकडे बाहेर येईल. खालच्या अंगाला लागत असेल तर टॉप लावा. तो रॅकला ढकलत पुढे जाईल, खालच्या कुशनला लागेल आणि परत येईल.

वेग किती? पॉटवरचा ताबा सुटणार नाही इतकाच. ब्रेक बॉल हुकला तर तुमच्याच हाताने उघडलेली अख्खी रॅक समोरच्याला मिळते. पहिल्या फटक्यात रॅकमधले सगळे चौदा सुटायची गरज नसते. चार-पाच बॉल मोकळे झाले की त्यांतल्या एकाला मारताना उरलेला गठ्ठा हलक्या हाताने पुन्हा उघडता येतो.

११. ब्रेक शॉटमध्ये पांढरा रॅकला चिकटून बसतो. फोडलं तरी पुढे मारायला काही नसतं.

बहुधा पांढरा रॅकमधल्या बॉलला अगदी समोरासमोर लागतो आहे आणि त्याच्यात फिरकी उरलेली नाही. कोन थोडा बदला. कोन बदलता येत नसेल तर फिरकी वाढवा. वर किंवा खाली, पण अर्धवट मधे नको. टॉपने मारलेला पांढरा आपटून क्षणभर थांबतो आणि फिरकीच्या जोरावर पुन्हा पुढे सरकतो. स्क्रूचा तसाच मागे निघतो. आणखी एक विमा म्हणजे रॅकच्या जवळ, पॉकेटच्या तोंडाशी एखादा मोकळा बॉल राखणं. पण तो फक्त दुसऱ्या-तिसऱ्या फोडणीच्या वेळी शक्य असतो, कारण पहिल्या फोडणीला टेबलावर पंधरावा सोडून बाकी सगळे रॅकमध्येच असतात.

१२. रॅकमध्ये दोन बॉल चिकटलेले आहेत आणि त्या दोघांची सरळ रेष पॉकेटच्या थोडी बाजूला जाते. तरी पडेल का?

पडू शकतो. स्नूकरवाले याला प्लांट म्हणतात. चिकटलेल्या जोडीत मागचा बॉल ज्या बाजूला ढकलला जातो, त्या बाजूला पुढचाही थोडा ओढला जातो. पुढचा बॉल डावीकडे न्यायचा असेल तर मागच्या बॉलच्या उजव्या अंगाला मारा. बॉल खरंच चिकटलेले आहेत का, ते खाली वाकून नीट पाहा. केसभर फट असली तरी हे गणित बदलतं आणि ओढीऐवजी कोन काम करतो.

१३. मे महिन्यात आणि पावसाळ्यात तेच टेबल वेगळं का वाटतं?

टेबल खरंच वेगळं वागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत, कापड सुकलेलं. तेव्हा बॉल जास्त घसरतो, स्क्रू लांबपर्यंत टिकतो. पण त्याच खोलीत दुपारी डेझर्ट कूलर सुरू झाला की तासाभरात हवेत ओल भरते. कापड जड होतं, पांढरा लवकर लोळायला लागतो, स्क्रू अर्ध्या वाटेत मरतो. पावसाळ्यात हेच दिवसभर. एसी असलेल्या खोलीत हा फरक बराच कमी पडतो.

म्हणून सामन्याआधी तीन शॉट मारून पाहा. एक लांबचा स्टन, एक स्क्रू आणि एक कुशनवर साइड. कालच्या हाताने आज खेळू नका. कूलरचा झोत थेट टेबलावर येत असेल तर तोंड फिरवायला सांगा. घामाने क्यू हातात अडत असेल तर पावडरपेक्षा हातमोजा बरा, कापडावर पावडरचे डाग पडत नाहीत.

१४. एकट्याने सराव काय करायचा?

पंधरा बॉल टेबलावर पसरा, पांढरा हातात घ्या आणि साइड न लावता सगळे संपवा. ते जमलं की पांढरा कुशनला न लावता संपवायचा प्रयत्न करा. पंधरापैकी किती झाले ते वहीत लिहा. मग फक्त शेवटचे तीन बॉल लावा, म्हणजे की बॉलच्या आधीचा, की बॉल आणि ब्रेक बॉल, आणि प्रश्न १० मधला शॉट वीस वेळा मारा. तासाचे पैसे मोजून एट-बॉलचे सहा डाव खेळण्यापेक्षा यातून हात लवकर तयार होतो.

१५. मोठे विक्रम करणारे भरपूर फिरकी वापरतात का? आणि मोस्कोनीचं टेबल लहान होतं हे खरं का?

खरं आहे. विली मोस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला न चुकता ५२६ बॉल टाकले ते ८ फुटी टेबलावर. जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ केले, जेसन शॉने २०२२ मध्ये ७१४. टेबल लहान असलं की शॉट जवळचे होतात, पण त्याच बॉलांची गर्दीही वाढते, त्यामुळे ५२६ ला कमी लेखणं मला पटत नाही. फिरकीबद्दल म्हणाल तर उत्तर प्रश्न २ मध्येच आहे.

१६. पॉट दिसत नसेल तर सेफ कसं खेळायचं? फाउलचा दंड किती?

सेफ म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा फटका. ‘सेफ’ असं आधी सांगा. बॉलला लागल्यावर कुठला तरी बॉल कुशनला लागला पाहिजे, नाहीतर फाउल. फाउलला एक पॉइंट वजा. लागोपाठ तीन फाउल झाले तर वर आणखी पंधरा वजा. सेफ सांगून बॉल पडला तर पॉइंट नाही, तो बॉल परत टेबलावर लागतो.

अखंड रॅकविरुद्धचा नेहमीचा सेफ असा. उजव्या कोपऱ्यातल्या बॉलला पातळ लावा, उजवी साइड द्या. पांढरा खालच्या कुशनवरून बाजूच्या कुशनला लागून वर परत जातो आणि वरच्या कुशनजवळ बसतो. इथे साइड नसेल तर तो मध्येच उघड्यावर थांबतो. सुरुवातीच्या ब्रेकलाही हाच शॉट चालतो, फक्त तिथे पांढऱ्याबरोबर आणखी दोन बॉल कुशनला लागायला हवेत. ते झालं नाही तर दोन पॉइंट वजा.

१७. चौदा पडले, पण पंधरावा बॉल रॅकच्या जागेतच आहे. किंवा पांढराच तिथे आहे. मग?

पंधरावा रॅकमध्ये अडत असेल आणि पांढरा बाहेर असेल तर पंधरावा वरच्या, म्हणजे हेड स्पॉटवर (हेड लाइनच्या मधल्या खुणेवर) ठेवतात. तिथे पांढराच उभा असेल तर पंधरावा मधल्या स्पॉटवर. दोघेही रॅकमध्ये असतील तर पंधराच्या पंधरा बॉलची रॅक लागते आणि पांढरा हेड लाइनच्या (वरच्या कुशनकडच्या आडव्या रेषेच्या) मागून हातात मिळतो. फक्त पांढरा अडत असेल आणि पंधरावा हेड लाइनच्या पुढे असेल, तरीही पांढरा मागून हातात. पंधरावा हेड लाइनच्या मागे असेल तर पांढरा हेड स्पॉटवर जातो. आणि हेड स्पॉटवर पंधरावाच बसला असेल तर पांढरा मधल्या स्पॉटवर.

१८. चौदावा मारताना पंधरावाही पडला. पॉइंट मिळतो का, आणि पुढे मारायचं काय?

सांगितलेला बॉल नीट पडला असेल तर सोबत पडलेल्याचाही एक पॉइंट मिळतो. पंधराही बॉल रॅकमध्ये लागतात, पांढरा रॅकच्या बाहेर असेल तर आहे तिथेच राहतो आणि पाळी तुमचीच असते. पण समोर अखंड रॅक आणि फोडायला बॉल नाही. अशा वेळी बहुतेक जण जोरात फोडून नशीब बघतात आणि समोरच्याला पसरलेलं टेबल देतात. तुम्ही सेफ सांगा आणि प्रश्न १६ मधला पातळ शॉट खेळा, उजवी साइड विसरू नका.